मधल्या सुट्टीचा टोल

"झालं माझं," असं म्हणून बाबांनी ताट पुढे सरकवलं, तेव्हा सुनेनं पेल्यांत अजून पाणीसुद्धा ओतलं नव्हतं. भाताचा ढीग जसाच्या तसा होता. एका कडेला दोन घासांएवढा खड्डा पडला होता, तोही बहुधा सुनेला वाईट वाटू नये म्हणून पाडलेला.

"बाबा, दोनच घास?" मुलानं विचारलं.

"पोट भरलेलंच आहे रे. तुम्ही जेवा निवांत." आणि बाबा आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसले. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. शाळेमागच्या त्या दोन खोल्यांत बाबांना एकटं ठेवणं बरं दिसेना, म्हणून दोघांनी त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. आणलं त्याच दिवशी दोघांनी ठरवलं, की बाबांची आबाळ होऊ द्यायची नाही. त्यांचं ताट आधी वाढायचं, त्यांचं जेवण झाल्याशिवाय आपण अन्नाला हात लावायचा नाही. नियम मोडायची वेळ आली नव्हती. बाबा पोटभर जेवायची वेळ मात्र काही केल्या येत नव्हती.

मुलगा फ्रीज दुरुस्त करायचा. सगळी वस्ती त्याला मेकॅनिक म्हणायची, आणि एकदा माणसाला धंद्याचं नाव चिकटलं की विचारही त्याच धंद्याचे यायला लागतात. वडिलांकडे बघून त्याला वाटायचं, की कॉम्प्रेसर ठीक आहे, वायरिंग ठीक आहे, बिघाड थर्मोस्टॅटचा आहे. आत गारठा पुरेसा झालाय अशी त्याची समजूत झाली, की फ्रीज चालूच होत नाही. मग बाहेरून कितीही थापट्या मारा.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या दारातल्या काट्यावर तिनं बाबांना उभं केलं, तर काटा साडेएकोणपन्नासवर थांबला. आठ महिन्यांत नऊ किलो. तिनं नवऱ्यालाही दवाखान्यात बोलावलं आणि त्याच पावली ती बाबांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. कशातही काही निघालं नाही. बाबांना बाहेर बसवून त्या दोघांना म्हणाल्या, "भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण कारभार सगळा मेंदूतून चालतो. पोट रिकामं झालं की वर निरोप जातो, 'वेळ झाली.' जेवण खाली उतरलं की आतडी दुसरा निरोप धाडतात, 'आता पुरे.' अंगातली चरबीसुद्धा आपली शिल्लक कळवत असते. मेंदू सगळ्यांचं ऐकून घेतो आणि ठरवतो. यांच्याकडे तो पहिला निरोपच निघत नाहीये. दुःखानं होतं असं."

"म्हणजे थर्मोस्टॅट," मेकॅनिक म्हणाला. आपलं निदान बरोबर आल्याचा त्याला क्षणभर आनंदही झाला.

"तसं म्हणा. फक्त हा सवयीनं शिकतो. माणूस वर्षानुवर्षं ज्या वेळी, जसा जेवत आला, तसं जुळून आलं की शरीर आपोआप भुकेच्या तयारीला लागतं. त्यांची जुनी सवय काय होती ते शोधा. पण वजन अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं, तर मी थांबणार नाही. दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. तीन आठवड्यांनी या."

नळी म्हटल्यावर सुनेनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

जुनी सवय शोधायला लांब जायची गरज नव्हती. बाबा अडतीस वर्षं जवळच्याच शाळेत शिपाई होते आणि टोल द्यायचं काम त्यांचं होतं. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला, आणि त्यावर लोखंडी दांडा. सगळी शाळा त्यांना टोलकाका म्हणायची. दुपारी साडेबाराला मधल्या सुट्टीचा टोल पडायचा आणि डबे उघडायचे. अडतीस वर्षं. एवढी सवय तर पाषाणालाही लागली असती.

शाळेत आता विजेची घंटा आली होती. तिथल्या पाण्याच्या कूलरची दुरुस्ती मेकॅनिककडेच असल्यामुळे त्यानं मुख्याध्यापिकांना रुळाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "न्या की. दार मिटू नये म्हणून लावून ठेवलाय आम्ही." दांडा मागायची वेळच आली नाही. तो बाबांच्या उशाखाली निघाला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो न विचारता आणला होता. त्यांच्या उभ्या नोकरीतला अपहार म्हणायचा तर एवढाच.

मेकॅनिकनं रूळ दाराबाहेर, जिन्याच्या छताला टांगला. जिना तीन मजले सरळ खाली उतरतो आणि आवाज उचलून घराघरात पोचवतो, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण प्रेमानं काम करणाऱ्या माणसाचं असल्या गोष्टींकडे लक्ष नसतं.

सोमवारी साडेबाराला बाबा दांडा घेऊन रुळासमोर उभे राहिले. पाठ सरळ झाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. आधी तीन सुटे ठोके, मग एक लांबलचक खणखणाट. सगळी इमारत शहारली.

"वा," मेकॅनिक म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. तोही त्याच शाळेचा.

सुनेनं गरम गरम वाढलं. दोघं हात जोडल्यासारखे समोर बसले. बाबांनी दोन घास घेतले, पाणी प्यायले आणि ताट सरकवलं. "झालं माझं."

पण एक झालं. ते लगेच जाऊन पडले नाहीत. खुर्चीवर बसून, पूर्वी टोल देताना तारेला कसा झोका यायचा ते सांगत राहिले. दोघांनी त्यालाच शकुन मानलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर चांगला रुळाचा तुकडा होता.

इकडे खालच्या मजल्यांवर भलतंच सुरू झालं. ही वस्ती शाळेला लागून, त्यामुळे इमारतीतली निम्मीअधिक माणसं टोलकाकांच्या टोलावर वाढलेली. शाळेत शिकलेलं बाकी सगळं ती केव्हाच विसरली होती. त्रिकोणाचं क्षेत्रफळ गेलं, कविता गेल्या, शेजारच्या देशाची राजधानी गेली. पण दहा वर्षं रोज त्या खणखणाटानंतर डबा उघडला होता, तेवढं शरीरानं पाठ करून ठेवलं होतं. आणि शरीर कधी मालकाला विचारून धडा म्हणून दाखवत नाही.

पहिल्या मजल्यावर एक व्यायामशिक्षक राहायचा. महिन्याभरावर त्याची शरीरसौष्ठवाची स्पर्धा आली होती, आणि दुपारी तीनपर्यंत काही खायचं नाही असं त्याचं व्रत होतं. सोमवारी टोल पडला आणि तो भानावर आला तेव्हा त्याच्या हातात केळ्याचं साल होतं. गुरुवारपर्यंत सहा केळी आणि एक अख्खा पाव झाला. तो जिन्यात मेकॅनिकला अडवून उभा राहिला.

"ऐंशी किलोच्या गटात नाव दिलंय मी. आज काट्यावर ब्याऐंशी."

"कानात बोळे घाला की."

"घातले. बोळे घातले, की आता साडेबारा वाजणार याची आठवण होते."

दुसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या अकराला जेवून आडव्या व्हायच्या. "मी हल्ली दोनदा जेवते," त्या सुनेला म्हणाल्या. "अकराला माझ्या मर्जीनं आणि साडेबाराला तुमच्या. वर मेली भूकही खरी लागते."

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना साखरेचा आजार, घास मोजून खायचे. पण टोलाबरोबर त्यांचा हात बिस्किटांच्या डब्याकडे जाऊ लागला, आणि बायकोनं डबा लपवल्यावर तो शोधण्याची नवीच बुद्धी त्यांना सुचू लागली.

थोडक्यात, सगळ्या इमारतीची भूक खवळली होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो एक माणूस सोडून.

शनिवारी सुनेनं बाबांना पुन्हा काट्यावर उभं केलं. पन्नासच्या जरासं खाली. मागच्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त. तिनं दुकानातूनच नवऱ्याला फोन केला. मेकॅनिकनं हातातला फ्रीज अर्धवट सोडला आणि धावत आला. बाबांना मिठी मारताना त्याच्या बरगडीला काहीतरी टणक लागलं.

"हे काय आहे बाबा?"

"दांडा. घरात ठेवला तर कुणीतरी उचलून नेईल," बाबा म्हणाले. न विचारता उचलून नेण्याबद्दल त्यांना अनुभवाची माहिती होती.

दांडा वेगळा मोजला. साडेपाचशे ग्रॅम भरला. म्हणजे बाबा वाढले नव्हते, उलट आणखी दीडशे ग्रॅम उतरले होते. सून काउंटरमागे जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि उगीचच बाटल्या इकडच्या तिकडे करत राहिली. मेकॅनिक तिथेच स्टुलावर बसला. फ्रीज न सुधारल्याचं दुःख त्याला आयुष्यात पुष्कळदा झालं होतं, पण तेव्हा गिऱ्हाइकाला 'नवा घ्या' म्हणता यायचं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्याच संध्याकाळी जिन्यात कागद लागला. टोलाच्या विषयावर रविवारी दुपारी बारा वाजता मेकॅनिकच्याच घरी बैठक. खाली सेक्रेटरींची सही.

रविवारी बरोबर बाराला सेक्रेटरी, त्यांची बायको, भूगोलाच्या बाई आणि व्यायामशिक्षक येऊन बसले. सुट्टीचा दिवस म्हणून सुनेनं दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच करून ठेवला होता, आणि भाजीचा वास बैठकीत आगाऊपणे येऊन बसला होता. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून होते. मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिलेल्या शिपायासारखे.

सेक्रेटरींनी कागद काढला. "वैयक्तिक काही नाही. टोलकाकांबद्दल आम्हाला आदर आहे. पण माझी साखर दोनशे ऐंशी झाली."

"माझी स्पर्धा गेली," व्यायामशिक्षक म्हणाला.

"मला काही तक्रार नाही," बाई म्हणाल्या, "फक्त कपडे होईनात."

मेकॅनिक उठून उभा राहिला. बाबांसमोर बोलणं त्याला जड जात होतं, पण आता आडपडदा ठेवून चालणार नव्हतं. "मला हौस नाही हो इमारत जागवायची. बाबांचं वजन दिवसेंदिवस उतरतंय. अजून दीड किलो गेलं की नाकातून नळी घालणार आहेत. टोल ऐकून भूक लागेल असं वाटलं होतं. नाही लागली. चुकलं माझं. उतरवतो आज रूळ."

सेक्रेटरींनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. नियम वाचायला माणूस येतो आणि समोर असं काही ऐकतो, तेव्हा त्याची मोठी पंचाईत होते. अखेर ते पुटपुटले, "तरी नोंदीसाठी ठराव वाचतो. सदर इमारतीत..."

बाहेर टोल पडला. तीन सुटे ठोके आणि एक लांबलचक खणखणाट. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. साडेबारा वाजले होते, आणि बैठक कुणाच्या का विरोधात असेना, साडेबाराला टोल चुकवणं टोलकाकांच्या रक्तात नव्हतं.

ठराव 'सदर इमारतीत'पाशीच राहिला. पहिल्यांदा व्यायामशिक्षकाचं पोट बोललं, मग सेक्रेटरींचं. बाईंनी डोळे मिटून भाजीचा वास घेतला. पाहुणे भुकेलेले दिसत असताना त्यांना तसंच पाठवणं सुनेला जमण्यासारखं नव्हतं. "जेवूनच जा सगळे," ती म्हणाली. सगळे 'नको, नको' म्हणाले, आणि तसं म्हणत म्हणतच हात धुवायला उठले.

तेवढ्यात बाबा आत आले. सून वाढण्यासाठी उभी होती आणि मेकॅनिक तिच्या शेजारी डाव घेऊन. बाबांनी हातानं खूण केली. "तुम्ही दोघंपण बसा. सुट्टी थोडीच असते."

"बाबा, तुम्ही बसल्याशिवाय..."

"बसा म्हटलं ना."

हा आवाज घरातल्या बाबांचा नव्हता. शाळेच्या आवारातला होता. दोघं मुकाट्यानं बसले. आणि बाबा हात मागे बांधून सगळ्यांच्या पाठीमागून फेऱ्या घालू लागले.

"बाई, भाजी तशीच आहे तुमची."

"खाते, काका." बाई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या.

"सांडायचं नाही. आणि तुम्ही, सेक्रेटरी, तुम्ही भात घेऊ नका. अंडं घ्या. साखर आहे ना?"

"हो काका."

व्यायामशिक्षकानं तिसऱ्यांदा भात घेतला आणि स्पर्धेचं नाव काढलं नाही. पंधरा मिनिटं कोणी भांडलं नाही की कुणाला ठराव आठवला नाही. भांड्यात डाव खरवडल्याचा आवाज आला, ताटं चाटूनपुसून लख्ख झाली. बाबांनी शेवटची फेरी मारली, एकेक ताट बघितलं, समाधानानं मान हलवली आणि बाहेर गेले. यावेळी टोल वेगळा पडला. एकच ठोका, लांब घुमणारा. सुट्टी संपली.

मग ते आत आले, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी स्टूल ओढून बसले. पोटावरून हात फिरवत म्हणाले, "पोरी, काय उरलंय गं? कडकडून भूक लागलीय."

सुनेनं भाताच्या पातेल्यात बघितलं. भाजीच्या बघितलं. अंड्याचं भांडं उचलून तिरकं केलं. आठ महिने ज्या शब्दासाठी तिनं जिवाचं रान केलं, तो शब्द आज आला होता, आणि घरात भाताचं शीत शिल्लक नव्हतं.

"काही नाही उरलं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मग जे घडलं ते इमारतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. व्यायामशिक्षक दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला आणि स्पर्धेसाठी उकडून ठेवलेली सहा अंडी घेऊन आला. बाई आपल्या अकराच्या जेवणातले उरलेले बटाटे घेऊन आल्या. सेक्रेटरींच्या बायकोनं पाव आणला आणि सेक्रेटरींनी, आजवर कुणालाही न सापडलेल्या जागेतून, बिस्किटांचा डबा. बाबा शांतपणे जेवले. एक घास, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला मेकॅनिकनं श्वास रोखला होता. पुढचे मोजायचे त्यानं सोडून दिले.

सगळे गेल्यावर तो वडिलांजवळ खाली बसला. "बाबा, इतके दिवस रोज टोल दिलात. तेव्हा भूक का नाही लागली?"

बाबा विचारात पडले. या गोष्टीचा त्यांनी स्वतःही कधी विचार केला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "अरे, त्या टोलाला मला कशी लागेल? ती सुट्टी पोरांची. कोण पडतंय, कोण भांडतंय, कुणी डबा आणला नाही, ते बघायचं. सगळी जेवून वर्गात गेली, आवार रिकामं झालं, की मग मी डबा उघडायचो. अडतीस वर्षं. दुसऱ्यांची ताटं भरलेली असताना माझ्या पोटात काही हलतच नाही."

"आणि घरी?"

"घरी तुझ्या आईनं ते ओळखलं असणार. लग्नानंतर वर्षभरात. मग ती आधी जेवून घ्यायची. माझ्यासमोर बसून, सावकाश. तिचं झालं की मला भूक लागायची."

आई सगळ्यांच्या आधी जेवते, हे मेकॅनिकला लहानपणापासून माहीत होतं. नात्यागोत्यात तिचं नावच पडलं होतं, हावरी. नवरा कामावरून आलेला, घाम पुसतोय, आणि ही ताट घेऊन बसली. आजी बोलायची, आत्या बोलायची, शेजारणी हसायच्या. शाळेत असताना त्यालाही तिची लाज वाटायची. एकदा तो तिला म्हणालाही होता, "जरा थांबत जा ना आई." तिनं आणखी एक घास घेतला होता फक्त.

"तिनं कुणाला सांगितलं का नाही?" त्यानं विचारलं.

"मलाच कुठे सांगितलं तिनं? आज कळतंय मला. ती गेली आणि मला वाटलं, भूक गेली. तुम्ही दोघं पोरं माझ्यासमोर उपाशी बसायचात. मी आपला वाट बघायचो, ही जेवतील कधी."

दोन्ही बाजूंनी आठ महिने एकमेकांची वाट बघितली गेली होती. मेकॅनिकला हसूही येईना. त्यानं नुसता बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून घरचा नियम उलटा झाला. आधी मेकॅनिक आणि त्याची बायको जेवायची, बाबा समोर खुर्चीवर बसून दोघांच्या ताटांवर लक्ष ठेवायचे, मग त्यांचं पान वाढायचं. सुनेला सुरुवातीला घास घशाखाली उतरेना. सासरे भुकेलेले समोर बसलेत आणि आपण खातोय, हे शिकायला तिला चार दिवस लागले. रूळ उतरला, बाईंचं एक जेवण कमी झालं, व्यायामशिक्षकानं ऐंशीच्या वरच्या गटात नाव बदलून घेतलं. तीन आठवड्यांनी काटा एक्कावन्नवर गेला, यावेळी खिसे तपासून. "कोणतं औषध दिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मेकॅनिकला एका वाक्यात सांगता येईना. "आम्ही जेवायला लागलो," तो म्हणाला. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

महिन्यानं आत्या भावाला बघायला आली. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. आत येऊन बघते तो सून ताट पुढ्यात घेऊन निवांत जेवतेय, आणि आपला म्हातारा भाऊ समोरच्या खुर्चीत कोरडाच बसलेला.

आत्याचा पदर कमरेला गेला. "सासऱ्याच्या आधी जेवतेस होय गं? अगदी सासूवर गेलीस. तीही अशीच हावरी."

मेकॅनिक उठायला लागला. बाबांनीही तोंड उघडलं. सुनेनं दोघांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग तिनं डाव उचलला, आपल्या ताटात आणखी थोडा भात वाढून घेतला आणि सावकाश जेवू लागली.